ज्याचं देणं त्याच्या दारात

रविवारच्या पुरवणीत हल्ली एखादी तरी जाहिरात असतेच: अपराधगंडातून मुक्त व्हा, अहंकाराचं विसर्जन करा, स्वतःला माफ करायला शिका. दोन दिवसांचं निवासी शिबिर, चहा-नाश्ता-जेवणासह, जागा मर्यादित. पूर्वी हे पुण्या-मुंबईपुरतं होतं. आता तालुक्याच्या मंगल कार्यालयांतही लग्नाच्या तिथी नसल्या की अशी शिबिरं भरतात. तिथं जाणाऱ्यांची टर उडवावी असं मला वाटत नाही. माणसं खरंच आतून दबलेली असतात. कुणी भावाला फसवून जमीन नावावर करून घेतलेली असते, कुणी आईच्या शेवटच्या आजारपणात फिरकलेलं नसतं, कुणाला रात्री दोन वाजता आठवतं की आपण बायकोवर हात उगारला होता. दोन दिवस डोळे मिटून बसल्यावर यातल्या काहींना रडू येतं, हलकं वाटतं, झोप लागते. चांगलंच आहे. माझी तक्रार आहे ती त्या जाहिरातीत नसलेल्या माणसाबद्दल. तिथं दोघंच असतात: मी आणि माझं मन. ज्याचं माझ्या हातून वाटोळं झालं तो तिसरा कुठं दिसतच नाही. भावाची जमीन भावाकडं गेली का, हे समारोपाच्या सत्रात कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की अपराधभाव पुसून देणं हे अध्यात्माचं काम नव्हे. त्याचं काम अहंकार इतका पातळ करायचं, की ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात जाऊन उभं राहता यावं. अपराधभावाचं पुढं काय व्हायचं ते त्या दारात ठरतं. जी साधना माणसाला तिथवर न नेता परस्पर मोकळं करते, ती त्याचा अहंकार उलट पोसते. कारण गुन्हा मीच केला, खटला मीच चालवला आणि निर्दोष मीच सुटलो, याहून मोठा अहंकार कोणता असायचा?

महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्याची बातमी आता पहिल्या पानावरही येत नाही, इतकी ती सवयीची झाली आहे. पद्धत ठरलेली. संचालकांनी सोयऱ्याधायऱ्यांच्या नावानं, अपुऱ्या तारणावर कर्जं उचलायची, वसुलीचं नाव काढायचं नाही, आणि एक दिवस शटर खाली. मग अवसायक येतो आणि ठेवीदारांच्या फेऱ्या सुरू होतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हे बहुतेकांना शटर पडल्यावरच कळतं. अशाच एका गावातला अखंड हरिनाम सप्ताह मी पाहिला आहे. मंडपाच्या कमानीवर फ्लेक्स होता आणि त्यावर काल्याच्या दिवशीच्या महाप्रसादाचे अन्नदाते म्हणून बुडालेल्या संस्थेचे माजी चेअरमन, कपाळाला बुक्का, हात जोडलेले. पंगतीत एक आजी बसल्या होत्या. नवरा झेडपीत शिपाई होता, त्याच्या फंडाचे सगळे पैसे त्याच संस्थेत. बुंदी वाढायला चेअरमन स्वतः फिरत होते. आजींनी पानावर हात आडवा धरला.

"अहो आजी, प्रसादाला नाही म्हणू नये."

"प्रसाद घेतला रे बाबा. पावतीचं बघ."

शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या आणि चेअरमन पुढच्या पानाकडं सरकले.

हा माणूस ढोंगी, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. कीर्तनात त्याचे डोळे भरून येत होते आणि ते नाटक नसावं. आत काहीतरी टोचत असणार, नाहीतर सगळ्या गावाला जेवू घालायची एवढी धडपड कशाला? पण देणं होतं ते त्या आजीचं, आणि दिलं ते पांडुरंगाला. पांडुरंग ठेव पावती पुढं करत नाही, ही त्यातली सोय.

गंमत अशी, की त्या मंडपात सात दिवस ज्यांचे अभंग म्हटले गेले त्या तुकोबांची गोष्ट नेमकी उलटी आहे. देहूच्या बाजाराची महाजनकी घरात, दुकान, सावकारी, सगळं रीतसर. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळानं ते सगळं धुऊन नेलं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली', हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढं ते डोंगरावर जाऊन बसले, भामचंद्रावरच्या त्या एकांताची कथा वारकऱ्यांच्या घरोघरी सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते डोंगरावरून खाली आल्यावरचं. परंपरा सांगते की त्यांनी कर्जाची खतपत्रं काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली. निम्मीच का? कारण उरलेली त्यांची नव्हती. साक्षात्काराच्या भरात भावाचं येणंही बुडवलं असतं तर लोकांनी कौतुकच केलं असतं. दुसऱ्याच्या पैशानं उदार व्हायचा मोह संतालाही होऊ शकतो, तुकोबांना तो झाला नाही. डोळे मिटून जे गवसलं ते डोळे उघडल्यावर पहिल्यांदा वहीखात्यात उतरलं. उपाशी कुळांच्या मानेवरचा फास निघाला आणि भावाच्या हक्काला धक्का लागला नाही.

आणि याच तुकोबांनी अनुतापाला रोग मानलेलं नाही. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' म्हणतात, आणि लगेच पुढं, 'अनुतापें तुझें राहिलें चिंतन'. चिंतन टिकलं ते अनुतापामुळं. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायात दुष्कर्म केलेल्यालाही दार उघडं ठेवलं आहे, पण त्यानं अनुतापतीर्थात न्हाऊन यावं असं म्हटलं आहे. तीर्थ टाळून आत यायची जवळची वाट त्यांनी दाखवलेली नाही. इतकंच काय, जातीची उतरंड सांगणारी जी मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली (आणि जाळली ते योग्यच झालं), तिच्यातल्या प्रायश्चित्ताच्या अध्यायातही चोराला सांगितलं आहे की आधी चोरीची वस्तू परत कर, मग शुद्धीसाठी व्रत कर. म्हणजे ज्या ग्रंथाकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नये, त्यालाही एवढा हिशेब कळत होता. आजच्या शिबिरांनी व्रत ठेवलं आणि वस्तू गाळली.

हा क्रम ज्यांनी सगळ्यांत स्वच्छ मांडला आहे ते लोक ना मठात राहतात ना आश्रमात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांच्या आधारानं पिण्यापासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. आपल्याकडं त्याला सगळे एए म्हणतात. महाराष्ट्रात शाळेचा एखादा वर्ग, चर्चचा हॉल, देवळाची ओसरी, मिळेल तिथं संध्याकाळी त्यांच्या सभा भरतात, मराठीतही भरतात. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांना पुढं याच सभांचा आधार मिळाला. खुल्या सभेला बाहेरच्यालाही बसता येतं. खुर्च्या, चहाचा थर्मास, भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. माणूस उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, सगळे त्याला नावानं नमस्कार करतात. आत जे बोललं जातं ते बाहेर न्यायचं नाही असा दंडक आहे, म्हणून ते इथं लिहीत नाही.

पण तो तक्ता वाचण्यासारखा आहे. पहिल्या तीन पायऱ्या शरणागतीच्या: दारूपुढं मी हतबल आहे, माझ्याहून मोठी एक शक्ती आहे, तिच्या हाती मी स्वतःला सोपवतो. चौथीत स्वतःची निर्भीड झडती. पाचवीत ती झडती देवापुढं, स्वतःपुढं आणि दुसऱ्या एका जित्याजागत्या माणसापुढं वाचून दाखवायची. सहावी-सातवी स्वभावातल्या खोडी जाव्यात म्हणून नम्रपणे विनवण्याची. इथपर्यंत कुठल्याही बाबा-महाराजांच्या शिबिरात सापडेल असंच सगळं आहे. आठवीत मात्र कागद घ्यायचा आणि आपण ज्यांचं नुकसान केलं त्या सगळ्यांची यादी करायची. नववीत त्या प्रत्येकाकडं जाऊन भरपाई करायची, फक्त तसं केल्यानं त्यालाच किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. आणि त्यांच्या मूळ पुस्तकात नव्या मोकळेपणाचं, गतायुष्याबद्दल खंत न उरण्याचं जे आश्वासन आहे, ते नवव्या पायरीच्या विवेचनाला जोडून येतं. तिसरीला नाही, सातवीला नाही. देवाला शरण गेलास, उत्तम, आता बायकोकडं जा.

माझ्या ओळखीच्या एकानं आपली नववी पायरी मला स्वतःच सांगितली, सभेबाहेर, टपरीवर. दारूपायी त्यानं बायकोचं गंठण सराफाकडं गहाण टाकलं होतं आणि घरात चोरी झाली म्हणून कामवालीवर आळ घेतला होता. सोबर झाल्यावर तो बायकोच्या पाया पडायला गेला. ती म्हणाली, "पाया-बिया पडू नका. गंठण सोडवून आणा. आणि आधी शांताबाईकडं जा." (बाईंचं नाव मी बदललं आहे.) गंठण सोडवायला त्याला पगारातून बराच काळ बाजूला टाकावं लागलं, ते त्याला जड गेलं नाही. जड गेलं ते त्या बाईच्या वस्तीत जाणं. तिच्या सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणायचं होतं की चोर मी होतो. तिनं माफ केलं नाही. "बरं झालं सांगितलंत, आता मला कामं लावून देणाऱ्या मुकादमीणबाईंना सांगा, त्यांनी माझी दोन घरांची कामं तोडलीत," एवढंच म्हणाली. तो त्या मुकादमीणबाईंकडंही गेला. अहंकार म्हणजे काय आणि तो कुठं मोडतो, याबद्दल मी जी काही प्रवचनं ऐकली त्यात एवढं नेमकं उत्तर मला मिळालं नव्हतं. गहाण गंठणापेक्षा ते वस्तीतलं दार उंच होतं.

नवव्या पायरीतला तो 'फक्त' विसरू नये. कबुली हाही स्वतःला हलकं करायचा मार्ग होऊ शकतो. दहा वर्षांपूर्वीचं लफडं नवऱ्याला किंवा बायकोला सांगून आपण रात्री घोरत झोपायचं आणि समोरच्याची झोप कायमची उडवायची, यात अध्यात्म नाही. तिथंही प्रश्न तोच: या कबुलीनं तिसऱ्याला काय मिळालं?

माफी ठोक भावात मागायची पद्धतही आता पडली आहे. जैन परंपरेत प्रतिक्रमण ही रोज करायची कसोशीची झडती, आणि संवत्सरीला ज्याच्याशी वितुष्ट आलं त्याला गाठून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं. मोठी सुंदर रीत आहे. व्हॉट्सॲपनं तिचं संक्रांतीच्या शुभेच्छांसारखं करून टाकलं: फुलांचं चित्र, खाली मजकूर, सगळ्या ग्रुपवर एकदम. ज्या दोघांचे आठ वर्षं बोलणं बंद आहे ते दोघे एकाच ग्रुपवर असतात आणि दोघांनाही एकमेकांचा संदेश पोचतो. बोलणं बंदच असतं. अर्थात बरेच जैन स्नेही आजही फोन उचलून नाव घेऊन बोलतात, हेही सांगितलं पाहिजे.

ठोक माफीचं सर्वांत जुनं आणि भव्य उदाहरण अशोकाचं. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पळवून नेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, आणि याचं त्याला दुःख होतं. जगाच्या इतिहासात जिंकलेल्या राजानं असं दगडावर कोरून ठेवणं विरळाच. पण हा लेख पेशावरकडच्या शाहबाजगढीला आहे, गिरनारला आहे, कालसीला आहे. खुद्द कलिंगात, धौलीला आणि जौगडला, नाही. तिथं लेखमालेतून तो वगळला आणि त्याजागी अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे लेख कोरले: सगळी माणसं माझी लेकरं आहेत, कुणाला विनाकारण कैद करू नका, छळू नका. आपल्या नालासोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले, तेव्हा सबंध माला तिथंही असावी. म्हणजे समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांनी राजाचा पश्चात्ताप वाचला असेल, आणि ज्यांची घरं उजाड झाली त्यांनी वाचला नाही. इतिहासकार यात राज्यकारभाराचा धोरणीपणा बघतात, तो असेलही. जिंकलेल्या प्रांतात जखमेवरची खपली कोण काढील? धौलीच्या शेतकऱ्याला राजाच्या दुःखापेक्षा अधिकाऱ्यांवरचा तो हुकूमच जास्त कामाचा, हेही मी मान्य करीन. पण पळवून नेलेली दीड लाख माणसं परत पाठवली असं कुठल्याच शिळेवर नाही.

आतापर्यंत मी खऱ्या देण्याबद्दल बोललो. पण माणसं जे ओझं वाहतात त्यातलं बरंचसं देणं नसतंच, आणि इथं शिबिरवाल्यांची बाजू बळकट आहे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत वडिलांना ऑक्सिजनचा बेड मिळवून देऊ न शकलेला मुलगा, विमानं बंद म्हणून अग्नी द्यायला पोचू न शकलेली न्यू जर्सीतली मुलगी, लेकराला पाळणाघरात सोडून कामावर जाताना रोज मागं वळून बघणारी आई, अत्याचार स्वतःवर झाला असून 'मी तिथं गेलेच का' म्हणत राहिलेली बाई. यांनी कुणाचं काय बुडवलं आहे? काहीच नाही. त्यांना कुठल्या दारात पाठवायचं? कुठल्याच नाही. अशा ओझ्यानं माणूस जीव देण्यापर्यंत येतो, तेव्हा त्याला मनोविकारतज्ज्ञाकडं न्यावं, शिबिराची वाट बघू नये.

कधी हे ओझं समाजच लादतो. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून रानडे, टिळक आणि इतरांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा खटला, झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. कपभर चहानं कुणाचं नुकसान झालं होतं? ज्यांनी शिवाशिवीपायी माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, त्या शहरातल्या प्रतिष्ठितांवर मात्र कुणी ग्रामण्य केलं नाही. प्रायश्चित्ताचं यंत्र चालू होतं, पण त्यात माणूस चुकीचा घातला जात होता.

खोट्या अपराधभावाबद्दल एक अवघड गोष्ट बोलायला हवी, आणि ती सावधपणे. त्याच्या तळाशी पुष्कळदा अहंकारच बसलेला असतो, फुशारकी मारणारा नव्हे, रडणारा. 'मी असतो तर बाबा वाचले असते' या वाक्यात 'मी'चं माप फार मोठं आहे. विषाणू, औषधांचा तुटवडा, भरलेली इस्पितळं, सरकारची तयारी, यातलं काहीही त्या मुलाच्या हाती नव्हतं. तरी सगळं माझ्यावर होतं असं मानण्यात एक कडू दिलासा असतो, कारण जग इतकं बेभरवशाचं आहे हे कबूल करण्यापेक्षा मी दोषी आहे हे कबूल करणं सोपं जातं. इथं ध्यान, नामस्मरण, स्वतःकडं शांतपणे बघणं यांचा खरा उपयोग आहे. 'मी'चं माप खरं तेवढं झालं की हा भार आपोआप उतरतो. म्हणजे अहंकार ओसरल्यावर दोन्ही ठिकाणी काम होतं: जे आपलं देणं नाही ते गळून पडतं, आणि जे आहे ते लख्ख दिसू लागतं. अडचण एवढीच, की दुसऱ्या कामासाठी आलेल्या माणसाला पहिल्याचं औषध दिलं जातं. भावाची जमीन लाटणारा आणि बाबांना वाचवू न शकलेला, दोघं एकाच सतरंजीवर बसतात आणि दोघांनाही 'स्वतःला माफ करा' असंच सांगितलं जातं.

यावर वेदान्ती मित्र म्हणतात, तुम्ही व्यवहाराच्या पातळीवर अडकला आहात. आत्मा कर्ताच नाही, तर दोष कुणाचा आणि क्षमा कुणी कुणाची मागायची? हा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. मुंबईत खेतवाडीत राहून विड्यांचा धंदा करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांनी १९८१ साली देह ठेवेपर्यंत तेच सांगितलं आणि ऐकायला जगभरातून लोक आले. पण त्यांचं बोलणं इंग्रजीत नेणारा माणूस कोण होता? मॉरिस फ्रीडमन, मूळचा पोलंडचा इंजिनिअर. याच माणसानं १९३९च्या सुमारास औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मोकळी वसाहत उभी करायला हातभार लावला, जिथं खुनाची शिक्षा झालेले कैदी बेड्यांशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करत. कर्ता नसलेल्या आत्म्याचं तत्त्वज्ञान पचवणाऱ्याला कैद्याच्या हाती कुदळ देणं परकं वाटलं नाही. शिवाय खुद्द वेदान्तातच प्रारब्ध आहे: ज्ञान झालं तरी सुटलेला बाण परत येत नाही. तो ज्याला लागला त्याचं काय, एवढंच मी विचारतो आहे.

बौद्ध परंपरेतल्या अंगुलिमालाला तर कुणी असा सवालही करू दिला नाही. बोटांची माळ घालणारा तो मारेकरी भिक्षू झाला, राजा पसेनदी त्याला पकडायला आला आणि वंदन करून गेला, साधना पूर्ण होऊन तो अर्हत झाला. अहंकार विसर्जनाचा याहून वरचा दाखला नाही. त्यानंतर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळं, काठ्या, दगड येऊन पडले. डोकं फुटून, भिक्षापात्र भंगून, चीवर फाटून तो परतला. बुद्धानं काय म्हणावं? लोक अज्ञानी आहेत, तू तर मुक्त आहेस, असं नाही. सहन कर, ब्राह्मणा, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. गावाला माफ करायची सक्ती त्यानं केली नाही. हे आपल्याकडं फार विसरलं जातं. माणूस सुधारला, वारकरी झाला, शिबिरं करून आला, की आपण त्याच्या बायकोला, भावाला, ठेवीदाराला म्हणू लागतो, 'आता तरी सोडून द्या'. त्यांनी का सोडावं? क्षमा करणं हा त्यांचा अधिकार, आपल्या साधनेचा बोनस नव्हे.

आणि साधनेचा अहंकार वेगळाच. ज्ञानेश्वर म्हणतात, 'नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठी । सज्ञानाचे झोंबे कंठीं'. ज्यांनी चार शिबिरं केली आहेत त्यांच्याशी पाच मिनिटं बोलावं, ओवीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हा सगळा वैयक्तिक प्रश्न आहे, सार्वजनिक नव्हे, असं कुणी म्हणेल. पण राज्यसंस्था यात केव्हाच उतरली आहे. विपश्यना ही ध्यानाची पद्धत शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून आले, इगतपुरीचं केंद्र १९७६ साली सुरू झालं, आणि त्याही आधी, १९७५ साली, जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात विपश्यनेचं शिबिर झालं होतं. १९९४ साली किरण बेदींच्या काळात तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिराला बसले. मला हे प्रयोग स्वागतार्ह वाटतात. फी नाही, दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, आणि बसण्यापूर्वी शील पाळण्याची प्रतिज्ञा. एखादा संतापी कैदी तिथून निवळून बाहेर पडत असेल तर तुरुंगालाही आणि त्यालाही बरंच. पण ज्याच्या घरातला माणूस त्यानं मारला, त्या घराला या निवळण्यातून काही पोचायचं असेल तर अकराव्या दिवसाची व्यवस्था कुणीतरी करायला हवी. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांच्या मजुरीचा काही भाग गुन्ह्यातल्या पीडितांना देण्यासाठी राज्यांनी कायदा करावा असं सुचवलं होतं. ध्यानाचा हॉल आणि मजुरीचं हे खातं एकाच तुरुंगात, एकाच कैद्याच्या नावावर असावं, असं मला वाटतं. पीडिताची इच्छा असेल तरच, आणि समुपदेशक मध्ये असेल तरच, कैद्याचं पत्र किंवा भेट. नसेल तर मजुरीतला वाटा तेवढा निमूट जात राहावा.

तुरुंगाबाहेरही हेच लागू आहे. महाराष्ट्र शासन आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी १४ दिवसांची रजा देतं. जरूर द्यावी. त्या रजेला मी फक्त एक अट जोडीन: परत आल्यावर आपल्या टेबलावरची सगळ्यांत जुनी अडलेली फाईल पहिल्या दिवशी काढायची, ती ज्याची आहे त्याला फोन लावायचा आणि 'उशीर माझ्यामुळं झाला' असं त्याला सांगायचं. अट हास्यास्पद वाटेल, युनियनला मान्यही होणार नाही. मला मात्र तीत दहा दिवसांच्या मौनाइतकीच साधना दिसते. सरकारी कार्यालयात ते वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.